राणीबागेत एक दिवस: चार प्राणी पुरेत

प्रश्न ठाण्यात कोलशेतला राहणाऱ्या एका आईचा आहे, मुंबईत भायखळ्याला असलेल्या राणीबागेच्या प्राणिसंग्रहालयाबद्दलचा. थोडक्यात असा: "आम्ही पाच जण. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा. डिसेंबरात एक दिवस राणीबागेत जायचं म्हणतोय. मागच्या वेळी तीन तासांत सगळी बाग पालथी घातली, घरी येऊन सगळे आडवे. मुलाला विचारलं काय पाहिलंस, तर म्हणाला आइस्क्रीम. या वेळी मुलगी म्हणते, मी येणारच नाही, प्राण्यांना कोंडून ठेवतात ते बघायला कशाला जायचं? तिला काय सांगू? आणि दिवस नीट कसा आखू?"

ताई, मी गेली एकोणीस वर्षं ठाण्यातून मुलांचे आणि कुटुंबांचे गट घेऊन प्राणिसंग्रहालयात, खाडीवर, येऊरच्या जंगलात जाते. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या मते एकच आहे: घरून निघण्याआधी चार प्राणी ठरवा आणि त्या चारांपाशीच थांबा. प्रत्येकापाशी कमीत कमी दहा मिनिटं. बाकीचे वाटेत दिसतील तेवढे दिसतील. सगळं बघायला गेलं की प्राणी फक्त मोजले जातात. वाघ झाला, अस्वल झालं, पुढे चला. चार वर्षांच्या मुलाला मग आइस्क्रीमच आठवणार, कारण अख्ख्या दिवसात तेवढ्या एकाच गोष्टीपाशी त्याला निवांत थांबू दिलेलं असतं.

आधी मुलीचं बोलू, कारण ती आली नाही तर बाकीच्या आखणीला अर्थ नाही.

तिच्याशी वाद घालू नका. तिचं म्हणणं निम्मं खरं आहे. मी स्वतः एकदा एका मुलाशी खोटं बोलले आहे, ते अजून मनातून गेलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्राणिसंग्रहालयात (नाव सांगत नाही) आमच्या गटासमोर एक अस्वल होतं. भिंतीपासून दारापर्यंत सात पावलं, मान एकदा गोल फिरवायची, परत सात पावलं. जमिनीवर त्याच्या चालण्याची गुळगुळीत वाट पडली होती. एका मुलानं विचारलं, "तो काय शोधतोय?" मी म्हटलं, "व्यायाम करतोय." त्याचा चेहरा मला आजही दिसतो. त्याला ते पटलं नव्हतं आणि त्याचंच बरोबर होतं. रिकाम्या जागेत, करायला काही नसलं की प्राणी असा येरझाऱ्या घालत राहतो. त्या दिवसापासून मी मुलांना जे आहे तेच सांगते.

म्हणून मुलीला सांगा, तू तपासनीस म्हणून ये. एक वही द्या तिच्या हातात. प्रत्येक कक्षापाशी तिनं बघायचं: या प्राण्याला माणसांच्या नजरेआड जायला जागा आहे का? सावली आहे का? सोबतीला त्याच्याच जातीचं कुणी आहे का, की एकटाच आहे? करायला काही आहे का, म्हणजे चढायला ओंडका, उकरायला माती, शोधून खाण्यासाठी लपवलेलं अन्न? फलकावर नुसतं नाव आहे, की हा कुठे राहतो आणि का कमी होतोय तेही लिहिलंय? हे तिच्या मनाचे खेळ नाहीत. देशातल्या प्राणिसंग्रहालयांना मान्यता देणारं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली स्थापन झालं, आणि त्याच्या निकषांत प्राण्यांना पुरेशी जागा, आडोसा आणि सोबत या गोष्टी येतात. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणात तर मुख्य उद्देश म्हणूनच संवर्धन लिहिलेलं आहे. तेव्हा नऊ वर्षांची मुलगी जे विचारते आहे, तेच सरकारी कागदही विचारतो. हे तिला सांगितलंत की बघा तिची मान कशी ताठ होते.

आणि तिला दुसरी बाजूही कळू द्या. सुसर सांगा. लांब, चिमट्यासारख्या तोंडाची, फक्त मासे खाणारी. १९७० च्या दशकात आपल्या नद्यांमध्ये मोजक्याच उरल्या होत्या. १९७५ ला मगर प्रकल्प सुरू झाला. नदीकाठच्या वाळूतून अंडी गोळा करायची, सुरक्षित जागी उबवायची, पिल्लं स्वतःचा बचाव करण्याइतकी मोठी झाली की परत नदीत सोडायची. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात १९८० ला बंदिवासात सुसरीची पिल्लं जन्मली, जगात पहिल्यांदा. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात पिसोरी वाढवली, तीच ती सशाएवढी हरणं, आणि अमराबादच्या जंगलात नेऊन सोडली. मध्य प्रदेशातल्या कान्ह्याच्या जंगलात १९७० ला बारशिंगा हरणं अवघी ६६ उरली होती. तिथे जंगलातच मोठं कुंपण घालून त्यांना वाचवलं. कोंडणं आणि वाचवणं यांत कधी कधी एकच कुंपण असतं, फरक असतो तो पुढे त्या प्राण्याचं काय करायचं ठरलंय यात. हे नऊ वर्षांच्या मुलीला नीट कळतं. माझा अनुभव असा की मोठ्यांनाच समजवायला वेळ लागतो.

काही प्राणी परत सोडता येतच नाहीत, हेही लपवू नका. दरवेशी नाचवायचे ती अस्वलं आठवत असतील तुमच्या सासूबाईंना. नाकात दोरी, दात पाडलेले. अशी शेकडो अस्वलं सोडवून आग्र्याजवळच्या बचाव केंद्रात ठेवली. तोंडात दात नसलेलं अस्वल जंगलात काय खाणार? जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिथेही असे आहेत ज्यांना परत जंगल मिळणं कठीण. यावर तिनं "मग हे बरोबर की चूक?" असं विचारलं तर लगेच उत्तर देऊ नका. वहीत लिहू द्या.

आता दिवस. बुधवारी राणीबाग बंद असते, हे लक्षात ठेवा. दरवर्षी एखादं तरी कुटुंब दारावरून परत आलेलं मला भेटतं. आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं हा नियम आहे आणि तो चांगला आहे, त्या दिवशी प्राण्यांना माणसांपासून सुटका मिळते, दुरुस्त्या होतात. रविवार नको. गर्दी तर असतेच, वर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल कमी. नाताळच्या सुट्टीचा आठवडाही नको. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला गुरुवार किंवा शुक्रवार घ्या, गरज पडली तर मुलीची शाळा एक दिवस बुडवा. मी शाळा बुडवा असं सहसा सांगत नाही.

जाताना गाडी किंवा टॅक्सी करा, येताना ट्रेन. कामाच्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला ठाणे स्टेशनवर गुडघेदुखीच्या माणसाला उभं करायचं नाही, ठाण्याहून सुटणारी स्लो लोकलसुद्धा फलाटावरच भरते. आठच्या आत निघालात तर पूर्व द्रुतगती मार्गानं साडेनऊला, दार उघडायच्या वेळेला पोचाल. येताना दुपारी दोन-अडीचला भायखळ्याहून ठाण्याची स्लो धरा, बसायला मिळतं. चारनंतर मात्र तिथे चढणंच मुश्कील. दाराबाहेर पडायची वेळ म्हणूनच आधी ठरवायची, आत काय बघायचं ते नंतर. भायखळा स्टेशनही सासूबाईंना जरा थांबून दाखवा, त्याच्या जीर्णोद्धाराला २०२२ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळालाय. नवी मुंबईतून येणारे हार्बर लाइननं कुर्ल्याला उतरून तिथे स्लो लोकल धरतात, पण कुर्ल्याचे जिने वयस्कांना जड जातात. ऐरोली, घणसोलीकडच्यांनी ट्रान्सहार्बर लाइननं ठाण्याला येऊन तिथून जावं, लांब वाटलं तरी सुखाचं.

तिकीट आदल्या रात्री ऑनलाइन काढून ठेवा. आई-वडील आणि दोन मुलं असं चौघांचं कौटुंबिक तिकीट मिळतं, सासूबाई त्यात येत नाहीत.

दार उघडलं की सगळे पेंग्विनकडे धावतात. तुम्ही उलट्या बाजूला वळा. सकाळचं ऊन कोवळं असतं तोवर वाघ, बिबट्या, अस्वल हिंडत असतात. अकरा वाजले की सावलीत पडतात, मग मुलं "झोपलाय" म्हणून पुढे सरकतात. साडेदहाच्या सुमाराला शाळांच्या सहली येतात आणि त्याही आधी पेंग्विनकडेच जातात. साडेबाराला सगळ्या शाळा डबे उघडतात. तो अर्धा-पाऊण तास पेंग्विनचा कक्ष त्यातल्या त्यात मोकळा असतो. बाहेर ऊन चढलेलं, आत गार. सासूबाईंनाही बरं वाटेल.

माझे चार सांगते, तुम्ही तुमचे ठरवा. पहिलं अस्वल. त्याची नखं बघा, वारूळ फोडायची हत्यारं आहेत ती. वरचे पुढचे दोन दात अस्वलाला नसतातच. त्या फटीतून वाळवी ओढून घेतं, आणि धूळ नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटतं. तुमच्या मुलीला आधी दरवेश्याचं अस्वल सांगितलेलं असेल, तर ती इथे बराच वेळ उभी राहील. राहू द्या. दहा मिनिटांत ते एकाच वाटेनं येरझाऱ्या घालतंय असं दिसलं तर तेही तिनं लिहावं आणि तुम्ही जाताना कार्यालयातल्या अभिप्राय वहीत लिहावं. लोक लिहीत नाहीत. लिहिलेलं वाचलं जातं.

दुसरा पाणघोडा, आणि हा तुमच्या चार वर्षांच्या मुलाचा. पाणघोड्याचे कान, डोळे आणि नाकपुड्या तिन्ही डोक्यावर एकाच रेषेत असतात, त्यामुळे अख्खं धूड पाण्याखाली आणि वर फक्त तीन उंचवटे. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. तो बुडाला की सुरू, वर आला की बंद. तीन मिनिटं, चार मिनिटं, कधी पाचही. वर येताना आधी फुर्रकन पाणी उडतं आणि मग कान गरगर फिरतात, छोट्या पंख्यासारखे. मी असंख्य मुलं तिथे श्वास रोखून मोजताना पाहिली आहेत, आणि चार मिनिटांनी कान हलले की ती जी ओरडतात ना! तेवढं ओरडणं पाणघोड्यालाही चालत असावं. त्याच्या कातडीतून लालसर स्राव निघतो. लोक रक्त समजतात, पण तो उन्हापासून आणि जंतूंपासून वाचवणारा लेप आहे. नशिबात असेल तर शेपटी पंख्यासारखी फिरवून शेण उडवतानाही दिसेल, आणि मग तुमचा मुलगा आइस्क्रीम विसरेल याची खात्री मी देते.

तिसरा पक्ष्यांचा मोठा पिंजरा, ज्यात आपणच आत चालत जातो. इथे घाई करणाऱ्याला काहीच दिसत नाही. कडेला उभं राहायचं, गप्प. चार-पाच मिनिटांनी पक्षी आपल्याला विसरतात आणि खाली उतरतात.

चौथा पेंग्विन. यावर तुमच्या मुलीचे सगळ्यात कडक प्रश्न असतील, म्हणून जरा सविस्तर सांगते. २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन इथे आणले. त्यातला एक त्याच वर्षी दगावला, तेव्हा शहरात खूप चर्चा झाली होती. मार्च २०१७ पासून ते लोकांना बघायला मिळू लागले. आता इथेच जन्मलेले पेंग्विनही त्यांच्यात आहेत. "मुंबईच्या उकाड्यात पेंग्विन कशाला?" हा प्रश्न योग्य आहे, पण एक गैरसमज काढून टाका: हे बर्फावरचे पेंग्विन नव्हेत. हे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे शेजारी वाळवंट आहे आणि समुद्रात हम्बोल्ट नावाचा थंड प्रवाह. ते समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरात बीळ करून घरटं बांधत. एकोणिसाव्या शतकात ते थर खत म्हणून खणून जहाजं भरभरून युरोपला गेले. शेतं पिकली, पेंग्विनची बिळं गेली. आजही ही जात धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे. माशांची जाळी आणि समुद्र तापला की मासे दूर जाणं, ही त्यांची आजची संकटं.

काचेपाशी बसा, मुलाला खाली बसवा म्हणजे पोहणारे पेंग्विन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतील. प्रत्येकाच्या छातीवरचे काळे ठिपके वेगळे असतात. मुलीनं एकाचे ठिपके वहीत काढावेत, मग दहा मिनिटं तोच शोधत राहावं. गर्दीतून "तिचा" पेंग्विन ओळखता आला की तिचं बघणंच बदलेल. एखादा कोपऱ्यात उभा, पिसं अर्धवट गळलेली, फाटक्या गोधडीसारखा, असा दिसला तर लोक हमखास म्हणतात आजारी आहे. बहुतेक वेळा तो आजारी नसतो. वर्षातून एकदा त्याची सगळी पिसं एकदम बदलतात, दोन-तीन आठवडे तो पाण्यात उतरत नाही, जंगली पेंग्विन तर त्या काळात उपाशीच राहतो. नवी पिसं आल्याशिवाय पाणी आत शिरतं ना! शेजारच्या कुणाला हे तुमच्या मुलीनं सांगितलं तर तिला अडवू नका.

काच वाजवणाऱ्यांनाही तिनं अडवावं. शांतपणे. वन्यजीव कायद्यात कलम ३८-जे आहे: प्राणिसंग्रहालयात प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं, सगळ्याला मनाई आहे. मी मुलांकडून हे कलम पाठ करून घेते. एका मुलीनं शिट्ट्या मारणाऱ्या कॉलेजच्या टोळीला "दादा, अडतीस-जे" एवढंच म्हटलं होतं आणि ती टोळी खरोखर गप्प झाली.

आता सासूबाई. त्यांना आपण सोबत नेतोय असं वाटू देऊ नका, त्यांच्याकडेही काम द्या. राणीबाग आधी झाडांची बाग होती, प्राणी नंतर आले. १८६० च्या दशकातली बाग आहे, व्हिक्टोरिया गार्डन म्हणून सुरू झालेली, पुढे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाली. इथली जुनी झाडं मुंबईत इतरत्र क्वचित बघायला मिळतात. गोरखचिंचेचा फुगीर बुंधा मुलांना मिठी मारायला सांगा, हात पुरणार नाहीत. उर्वशीचं झाड विचारून शोधा, फुलांच्या दिवसांत लाल झुंबरं टांगल्यासारखं दिसतं. झाडांखाली बाकं आहेत. सासूबाईंनी पाणघोड्यानंतर एका बाकावर बसावं, मुलगा त्यांच्यापाशी, आणि आजीनं नातवाला आसपासची ओळखीची झाडं दाखवावी. तुम्ही दोघं मुलीला घेऊन पुढचं बघून या. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र जायचा हट्ट सोडलात की निम्मे थकवे वाचतात. माझ्या गटात मी नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवते, मागे नाही.

खाणं साधं ठेवा. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, केळी, स्टीलच्या बाटल्यांत पाणी. वेफर्सची पाकिटं नकोत. ती फोडल्याचा आवाज झाला की कावळे आलेच, आणि वाऱ्यानं उडालेलं एक पाकीट हरणाच्या पोटात गेलं तर ते मरू शकतं. पिंजऱ्यांजवळ काहीही खायचं नाही. पेंग्विन झाले की बाहेर पडून जेवा.

दीडपर्यंत तुमचे पाय बरे असतील तर शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. आवारात दगडी हत्ती उभा आहे, घारापुरी बेटावरचा, ज्याच्यावरून इंग्रजीत त्या बेटाला एलिफंटा म्हणतात. तेवढा हत्ती मुलांना दाखवा आणि स्टेशनकडे निघा. आतलं संग्रहालय दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. मुलं दमलेली असताना काचेतल्या वस्तू दाखवणं मला कधीच जमलेलं नाही.

घरी आल्यावर मुलीला लगेच "मग? कसं वाटलं?" विचारू नका. दोन दिवस जाऊ द्या.

आणि फेब्रुवारीत, पंधरा मिनिटांच्या अंतरावरची आपली खाडी दाखवायला न्या. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ ला खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोट सुटते, तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते म्हणून आधी नोंदणी करा. तिथे काच नाही, कुंपण नाही, आणि हजारो फ्लेमिंगो चिखलात उलटी चोच घालून एकदम चालत असतात. पाहिलेला प्रत्येक पक्षी तिनं लिहावा. वही तीच द्या तिला, नवी नको. अस्वलाचं पान उलटल्यावरच फ्लेमिंगोचं पान यावं.